पातळ तळाचे बूट

बुटाचा तळ किती जाड असावा, यावरून माणसानं भांडावं का? मी भांडलेली आहे. लातूरला भांडले, बार्शीला भांडले, आणि सोलापुरात तर दुकानदारानं हात जोडले नि म्हणाला, मॅडम, चहा घ्या, पण तेवढा बूट खाली ठेवा. मी त्याच्या काउंटरवर बूट आडवा धरून बोटं लावून तळ मोजत होते. चांगली दोन बोटं भरत होता. पातळ दाखवा म्हटलं की तो आणखी जाड काढायचा, आणि वर सांगायचा की आता हेच चालतंय, पायाखाली गादी घातल्यासारखं वाटतं. गादीवर मी झोपते, पळत नाही, असं मी त्याला म्हणाले. त्याला हसू आलं. मला नाही आलं.

मी तेरला हायस्कुलात गणित शिकवते. चाळिशी ओलांडलेली आहे. रोज पहाटे तेरणेच्या कडेकडेनं जो रस्ता जातो त्यानं पळते. स्पर्धेबिर्धेसाठी नाही, बारीक होण्यासाठीही नाही. घरातलं कुणी उठायच्या आत मला थोडा वेळ माझा म्हणून मिळतो. तेवढ्या वेळात मी कुणाची मॅडम नसते, कुणाची सून नसते, डोकं जागेवर येतं. ज्या दिवशी पळणं होत नाही त्या दिवशी मी कशी असते, ते नववीच्या वर्गाला विचारा.

सुरुवात मीही जाड बुटांनीच केली होती. चांगले नावाजलेले, टाच उंच, आत फोम. वर्षभरात उजवा गुडघा सुजला. जिना आडवी होऊन उतरायला लागले. धाराशिवच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, बघितला, आणि म्हणाले की पळणं बंद करा, सकाळ-संध्याकाळ चाला, या वयात कशाला हे. गुडघ्यापेक्षा ते 'या वयात' मला जास्त लागलं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडं घट बसले की पायात काही घालत नाहीत. शाळेतसुद्धा आम्ही तिघी-चौघी बाया अनवाणीच असतो, कुणाला त्याचं काही वाटत नाही. तर त्या नवरात्रात एका पहाटे मला घरात राहवेना. म्हटलं, पळायचं नाही, नुसतं नदीपर्यंत जाऊन येऊ. गेले, आणि कधी पळायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. खडे टोचत होते. पण पाय आपोआप हलका पडत होता, टाच आपटत नव्हती, आणि गुडघा गप्प होता. दसऱ्यापर्यंत मी गुडघा विसरले. दसऱ्यानंतर परत ते जाड बूट चढवले, आणि आठवडा गेला नाही तोच गुडघा बोलायला लागला. आता गणिताच्या बाईला एवढं तरी कळणारच ना, की चूक कुठल्या पायरीवर आहे.

पण बारा महिने अनवाणी पळता येत नाही. काचा असतात, बाभळीचे काटे असतात. शिवाय नवरात्र संपल्यावर बाई अनवाणी दिसली की लोक विचारतात, मॅडम, कसला नवस बोललाय? म्हणून मी असे बूट शोधायला लागले जे पायात असून नसल्यासारखे असतील. ते सापडले सोलापुरात, एका दुकानाच्या अगदी खालच्या फळीवर. तळ ज्वारीच्या भाकरीएवढा. टाच नि चवडा एका पातळीत. पुढं ऐसपैस, बोटं मोकळी बसतील असे. माझे पाय पसरट आहेत, शेतात वाढलेल्या पोरीचे असतात तसे. आई म्हणायची, हिला चप्पल घ्यायची तर बैलाच्या मापाची घ्या. त्या बुटात पहिल्यांदा माझी पाचही बोटं सुखानं बसली. दुकानदाराला वाटलं, बरं झालं, पडून राहिलेला माल गेला. त्या बुटांचे दोन जोड मी झिजवले, आणि गुडघ्यानं एकदाही तक्रार केली नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला पाहिजे. हे धाराशिवला कचेरीत आहेत, रोज एसटीनं जातात-येतात. मी पळायला लागले तेव्हा पहिले काही आठवडे हे बॅटरी घेऊन माझ्या मागं चालत यायचे, जांभया देत, पायात साधी सँडल. गावात बोलणं सुरू झालंच होतं. स्टँडवर एकानं ह्यांना विचारलं की तुमची मंडळी रोज कुणापासून पळतेय? हे म्हणाले, माझ्यापासून, आणि सापडत नाही म्हणून मीपण मागं पळतोय. सगळा स्टँड हसला आणि विषय तिथंच मिटला. ही गोष्ट मी माहेरी सांगितली आहे, शाळेत सांगितली आहे, पाहुण्यांना सांगितली आहे. नवरा असावा तर असा, असं मला वाटायचं. आता ती गोष्ट मी सांगत नाही. इथं सांगितली, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिसरा जोड घ्यायला मी सोलापूरला गेले. तेच खोकं, तेच नाव, तोच निळा रंग. आनंदानं उघडलं आणि बूट उलटा केला तर तळ हा एवढा. मी म्हटलं, हे ते नाहीत. दुकानदार म्हणाला, तेच आहेत, नवीन आलंय, नाव वाचा. मी नाव वाचलं. उद्या माझ्या जागी दुसरीच बाई वर्गावर उभी केली आणि पोरांना सांगितलं की नाव तेच आहे, तर पोरं ऐकून घेतील का? मी ऐकून घेतलं नाही, पण माझ्या न ऐकण्यानं कंपनीचं काय जातंय? मोबाईलवर मागवले. फोटोत पातळ, घरी आले ते जाड. परत पाठवले, दुसरे मागवले, तेही तसलेच. मग एके दिवशी त्या नावापुढं 'उपलब्ध नाही' असं यायला लागलं. शाळेच्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूटही घालून बघितले. तळ चपटा होता, पण पुढं इतके निमुळते की अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्याच रस्त्यानं पळतात, ती म्हणायची, मॅडम पीटीला निघाल्या.

मला लई वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. कुणाला हे बुटांचं दुःख हसण्यासारखं वाटेल. पण ते मिळेनात म्हणजे माझा गुडघा परत जाणार, आणि गुडघा गेला की ती पहाट गेली. ह्यांना ते कळत होतं. हे दुपारच्या सुट्टीत दुकानांना फोन लावायचे. जुना माल काही पडलाय का, गोडाऊनमध्ये बघा की जरा, अशी विनवणी करायचे. त्याला हे 'तपास' म्हणायचे. संध्याकाळी घरी आल्यावर आधी तपासाचं सांगायचे, मग चहा. कचेरीच्या कामानं पुण्याला गेले तेव्हा दिवसभराचं काम उरकून कुठल्याशा गल्लीतल्या जुन्या दुकानात गेले, आणि मालकाला माळ्यावर चढायला लावलं. घरी आले ते काखेत खोकं. खोक्यावर बोटभर धूळ. आत माझे बूट, माझ्या मापाचे, भाकरीएवढ्या तळाचे. "हे शेवटचे," हे म्हणाले. "दुकानदारानं शपथेवर सांगितलंय. आता जपून पळ."

मी तिथंच रडले. ते बूट मी जपले. पावसात कधी नेले नाहीत, सावलीत वाळवले, चिखल असला की फाटके जुनेच घातले. आणि ह्यांना हे सगळं माहीत होतं. एवढं एकच ध्यानात ठेवा, ह्यांना सगळं माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात, उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालू होत्या तेव्हा, एका मोटारसायकलवाल्यानं ट्रॉलीला ओलांडायच्या घाईत मला उडवलं. तो थांबलासुद्धा नाही. मी कडेला पडले, उजवं मनगट मोडलं, कपाळ फुटलं. भरतीच्या पोरांनी घरी फोन केला. हे बनियनवरच पळत आले. पुढचं मला नीट आठवत नाही. हाताला प्लास्टर घातलं, कपाळाला टाके पडले.

त्या दिवसांत ह्यांनी माझं जेवढं केलं तेवढं आईनंही केलं नसतं. भात कालवून द्यायचे. माझी वेणी घालायचे, आणि ती अशी तिरकी की मी बालवाडीतल्या पोरीसारखी दिसायचे. शाळेत बाया हसायच्या आणि मला मनातून बरं वाटायचं. माझी सासू, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्यांचं म्हणणं होतं की हे शनीचं आहे, हिच्या मागं साडेसाती लागलीय. हे त्यांची चेष्टा करायचे. शनीला मोटारसायकल चालवायला कुणी शिकवलं, असं विचारायचे. हे कधी कुठल्या देवाला हात जोडत नाहीत, मांजर आडवं गेलं तर मुद्दाम थांबून त्याला नमस्कार करतात. मी मधूनमधून विचारायची, माझे बूट बघा हो, उंदीर लागेल. हे प्रत्येक वेळी एकच म्हणायचे. "हात बरा झाला की पळ. बूट कुठं जातायत?"

प्लास्टर निघालं. दुसऱ्याच दिवशी मी पहाटे उठले. नुसतं घालून चालायचं ठरवलं होतं, हात अजून दुखत होता. जिन्याखालच्या फळीवर बूट नव्हते. खोकं होतं, रिकामं. मी कॉट सरकवली, पोती हलवली, न्हाणीघरात बघितलं. आत्याबाई पाणी तापवायला उठल्या होत्या. काय हुडकतीस म्हणाल्या. मी सांगितलं.

"ते व्हय? ते म्या शनीला सोडले की, अवसेला. त्यानंच तर पिशवीत घालून दिले."

आमच्याकडं शनिवारी अवस आली की ज्याला साडेसाती आहे त्यानं पायातलं पायताण शनीच्या देवळात सोडायचं आणि मागं न बघता अनवाणी घरी यायचं. पीडा पायताणाबरोबर तिथं राहते. सोडलेलं परत कुणी घरी आणत नाही. आत्याबाई त्यांची जुनी चप्पल सोडायला निघाल्या होत्या. तर हे आपणहून आले, बूट पिशवीत ठेवले, आणि म्हणाले की आई, हिच्या मागचीपण पीडा जाऊ दे. सांगताना आत्याबाईंचे डोळे भरून आले. जन्मात देवापुढं न वाकलेलं त्यांचं लेकरू बायकोसाठी का होईना वाकलं, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. त्या वयात त्या तेवढ्या लांबून अनवाणी चालत आल्या होत्या, माझ्यासाठी. त्यांना मी काय बोलणार? बरं केलंत म्हणाले.

हे उठले. चहा घेऊन मोबाईल बघत बसले. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, तुम्ही शनीला कधीपासून मानायला लागलात? ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. खोटं बोलले नाहीत, तेवढं मात्र खरं.

"तू रस्त्याच्या कडेला बसलेली होतीस," हे म्हणाले. "तुझं तोंड रक्तानं भरलेलं. ते तुला दिसलं न्हाय. मला दिसलं."

"मग मला म्हणायचं होतं, पळू नकोस."

"म्हणलो असतो, तर ऐकली असतीस?"

"न्हाय."

"मग?"

मग काय! मग भांडलो असतो की. महिनाभर भांडलो असतो, अबोला धरला असता, मी माहेरी गेले असते, हे मला आणायला आले असते. रस्ता बदलू म्हणाले असते तर मी बदलला असता, शाळेच्या मैदानावर गोल गोल फिरले असते. काहीतरी झालंच असतं. नवरा-बायकोचं भांडण समोरासमोर होतं, त्यात कुणी फसत नाही. पण ह्यांनी तोंडानं 'पळ' म्हणायचं आणि हातानं बूट पिशवीत घालायचे, हे मला सोसेना. आणि तेही कुठं, तर अशा जागी, जिथून कुणी काही परत आणत नाही. मोटारसायकलवाल्याला मी शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, पण ते परके होते. ज्या माणसानं माळ्यावरून हे बूट खाली काढायला लावले, त्यालाच पक्कं माहीत होतं की हे गेले की दुसरे मिळत नाहीत. म्हणून तर घालवले. तपास इतका चांगला केला होता, तो असा कामाला आला.

मी चप्पल घातली आणि निघाले. हे दारापर्यंत आले.

शनीचं देऊळ गावाबाहेर आहे. मागच्या अंगाला लिंबाच्या झाडाखाली ढीग होता, त्यात तुटक्या चपला, लेकरांच्या सँडली, कुणाची तरी लग्नातली मोजडी. माझे बूट ढिगाच्या कडेलाच होते, तेलानं नि धुळीनं माखलेले. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. ती ह्यांची सवय आहे. प्रवासाला निघताना ह्यांनी माझे बूट नेहमी असेच बांधले, एक इथं एक तिथं व्हायला नको म्हणून. टाकून देतानाही जोड फुटू नये याची काळजी घेतली होती. ती गाठ बघून मला जो राग आला, तो घरात आला नव्हता. माझ्या उजव्या हातात जोर नव्हता. दगडावर बसून डाव्या हातानं ती गाठ सोडवत बसले.

देवळाचे गुरव झाडू घेऊन मागं आले. म्हातारे आहेत, त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. मला बघून दचकले. हळूच म्हणाले, "बाई, सोडलेलं परत घेत न्हाईत."

"म्या कुठं सोडलंय?" मी म्हणाले.

ते झाडू घेऊन पुढच्या अंगाला गेले. मी बूट झटकले आणि घातले, चपला हातात घेतल्या. घरी पळतच आले. जोरात नाही, हाताला हिसका बसत होता. चांगलं उजाडलं होतं, स्टँडवर माणसं होती, पहिली गाडी लागलेली होती. आज कुणी काही विचारलं नाही.

आत्याबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की ते घरात आणू नको, बाई. मी म्हटलं, नाही आणत. लेकरानं आपल्याला फसवलं हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, लेक देवाकडं वळला आणि सुनेनं माती केली. वाटू दे.

हे फाटकाजवळ उभे होते. कामावर जायचे कपडे घातलेले, हातात डबा.

"हेपण झिजतील," हे म्हणाले. "पुढं?"

"पुढं अनवाणी."

हे एसटीला गेले.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. आम्ही बोलतो. भाजी काय आणायची, लाईटबिल आलं का, मुलीचा होस्टेलहून फोन आला का. वेणी माझी मीच घालते. रस्ता मी बदलला, ट्रॉल्यांच्या रस्त्यानं जात नाही. हे जर म्हणाले असते तरी बदललाच असता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. बूट मी शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवते. पहाटे चप्पल घालून शाळेत जाते, रखवालदार फाटक उघडतात, तिथं बूट चढवते, पळते, पुसून परत ठेवते आणि चपलेवर घरी येते. शनीचं मला काही वाटत नाही. घरात ठेवायची छाती होत नाही.

मागच्या महिन्यात एका पहाटे हे माझ्या आधी उठून बसले होते. मी निघाले तेव्हा फाटकाची कडी ह्यांनीच काढली, पूर्वी काढायचे तशी.

"बूट शाळेत ठेवतेस?" हे म्हणाले.

"हं."

"कुलूप असतं?"

"असतं," मी म्हणाले.

ह्यांची नजर माझ्या गळ्याकडं गेली. कपाटाची चावी मी मंगळसूत्राला पिनेत अडकवून ठेवलेली असते, झोपतानासुद्धा. ह्यांनी ती बघितली, आणि मी बाहेर पडेपर्यंत फाटक धरून उभे राहिले.